अनुवादाची मुदत आणि यंत्राचे घड्याळ

१

अनुवादाच्या गुणदोषांची चर्चा मराठीत पुष्कळ झाली आहे. मूलनिष्ठा, शब्दकळा, रूपांतर व भाषांतर यांतील भेद हे विषय आपल्या समीक्षेला परिचित आहेत. परंतु अनुवाद किती काळात व्हावा, तो काळ कोणी ठरवावा आणि तो ठरवण्याच्या रीतीचा अनुवादाच्या गुणवत्तेवर काय परिणाम होतो, हा प्रश्न बहुधा व्यवस्थापनाचा म्हणून बाजूला ठेवला जातो. अनुवाद-प्रकल्पांची आखणी करणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा राहिलेला नाही. कारण या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक टप्प्याची मुदत ठरवण्याचे काम यंत्राकडे सोपवण्याची सोय असते. आणि यंत्राला दिलेला नियम हा वस्तुतः अनुवादाविषयीचा एक सिद्धान्तच असतो, मग तो देणाऱ्याला त्याची जाणीव असो वा नसो.

प्रथम शब्दाचाच विचार करणे इष्ट होईल. इंग्रजीतील ‘डेडलाइन’ हा शब्द अमेरिकन यादवी युद्धातील बंदिछावण्यांतून आला. कैद्याने जी रेषा ओलांडताच पहारेकऱ्याने गोळी घालावी, ती ही रेषा. पुढे वृत्तपत्रांच्या व्यवहारात तिला कालमर्यादेचा अर्थ मिळाला. आपला ‘मुदत’ हा शब्द अरबीतून फारसीच्या मार्गाने आला असून त्याचा मूळ अर्थ काळाचा विस्तार असा आहे. म्हणून मराठीत मुदत दिली जाते, मागितली जाते, वाढवली जाते, भरते आणि संपते. एका शब्दात काळाचे टोक आहे, तर दुसऱ्यात त्या टोकापर्यंतचे अंतर. सॉफ्टवेअरच्या मराठी रूपांतरात या कल्पनेसाठी कोठे ‘अंतिम तारीख’ आणि कोठे ‘मुदत’ असे दोन्ही शब्द चालू शकतात, व दोन्ही कोशदृष्ट्या बरोबरही ठरतील. परंतु यंत्र ज्याची नोंद ठेवते ती केवळ रेषा असते. अंतर मनुष्याला स्वतःच मोजावे लागते. प्रस्तुत विवेचनाचा मुख्य मुद्दा या भेदातच सामावलेला आहे.

२

यंत्र मुदत कशी ठरवते, हे थोडक्यात पाहिले पाहिजे. अनुवादाचे काम साधारणतः तीन टप्प्यांत विभागले जाते : अनुवाद, दुसऱ्या व्यक्तीने केलेले पुनरीक्षण आणि मुद्रितशोधन. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या आयएसओ १७१०० या आंतरराष्ट्रीय मानकात दुसऱ्या व्यक्तीकडून होणारे पुनरीक्षण आवश्यक मानले आहे. प्रकल्पाची सुरुवात आणि शेवट एकदा कळला, की मधल्या टप्प्यांच्या तारखा दोन रीतींनी निघू शकतात. पहिल्या रीतीत एकूण कालावधीचे ठरावीक भाग पाडले जातात. शेवट पक्का असतो व टप्पे त्याच्या आत बसवले जातात. दुसऱ्या रीतीत प्रत्येक टप्प्याची मुदत आधीचा टप्पा पूर्ण झाल्यापासून मोजली जाते; टप्प्यांची लांबी पक्की असते आणि शेवट सरकतो.

१२,००० शब्दांचा एक मजकूर घेऊ. दिवसाला २,००० शब्द या हिशेबाने अनुवादाला ६ दिवस, पुनरीक्षणाला ३ व मुद्रितशोधनाला १ दिवस, असे एकूण १० कामाचे दिवस लागतात. अनुवादकाला २ दिवसांचा उशीर झाला असे मानू. पहिल्या रीतीत शेवटची तारीख हलत नाही. म्हणून पुनरीक्षकाच्या वाट्याला ३ ऐवजी १ दिवस उरतो. दुसऱ्या रीतीत पुनरीक्षकाचे ३ दिवस सुरक्षित राहतात, परंतु काम १० ऐवजी १२ दिवसांनी पुरे होते. पहिल्या रीतीत उशिराची किंमत गुणवत्तेला मोजावी लागते, दुसरीत वाचकाला. यांपैकी कोणती किंमत मोजणे योग्य, हे यंत्र सांगू शकत नाही. त्याला ते सांगावे लागते. आणि सांगण्यापूर्वी मजकुराचे स्वरूप जाणून घ्यावे लागते.

३

या दोन रीती यंत्राने निर्माण केलेल्या नाहीत. मराठीच्या ज्ञानव्यवहारात त्यांची दोन थोर उदाहरणे पूर्वीच घडून गेली आहेत. कोशरचना म्हणजे काटेकोर अर्थाने अनुवाद नव्हे, हे मान्य करूनही असे म्हणता येईल, की आधुनिक विद्या मराठीत आणण्याचे काम हे मोठ्या अंशी अनुवादाचेच काम होते; निदान परिभाषेच्या बाबतीत तरी ते निःसंशय तसे होते.

श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ भांडवल उभारून स्थापन केलेल्या मंडळीच्या द्वारा निघाला. ज्यांनी भाग घेतले किंवा वर्गणी भरली, त्यांच्यापुढे ठरलेल्या काळात खंड ठेवणे भाग होते. तेवीस खंडांचा हा प्रकल्प केतकरांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या व तिसऱ्या दशकांत तडीस नेला. त्याच्या इतिहासाला त्यांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ असे नाव दिले, हे अर्थपूर्ण आहे : कामाची ओळख येथे त्याला लागलेल्या काळावरून करून दिली आहे. ही पक्क्या शेवटाची रीत होय. तिच्यामुळे एका पिढीच्या हाती तिच्याच हयातीत संपूर्ण कोश आला. एवढ्या वेगात सर्व नोंदींना सारखा न्याय मिळणे मात्र शक्य नव्हते.

‘मराठी विश्वकोशा’ची रीत दुसरी. १९६० साली महाराष्ट्र राज्याची स्थापना झाल्यानंतर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईला हे काम आकाराला आले. १९७३ साली परिभाषासंग्रह प्रसिद्ध झाला, १९७६ साली पहिला खंड आणि विसावा खंड २०१५ साली. तर्कतीर्थांचे निधन १९९४ साली झाले. म्हणजे ज्यांनी पाया घातला त्यांना कळस पाहता आला नाही. येथे आधीची पायरी पुरी झाल्यावाचून पुढची चढली गेली नाही, आणि शेवट सरकत राहिला. नोंदींचा दर्जा व परिभाषेची एकसूत्रता यांत या संयमाचे फळ दिसते. परंतु पहिला खंड विकत घेणाऱ्या वाचकाला शेवटच्या खंडासाठी सुमारे चार दशके थांबावे लागले, हेही नाकारता येत नाही.

या दोहोंपैकी एक रीत श्रेष्ठ आणि दुसरी कनिष्ठ असा निवाडा करणे व्यर्थ आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. दोन्ही ठिकाणी मुख्य कामापूर्वी पूर्वतयारीला स्वतंत्र काळ दिला गेला. केतकरांनी पाच प्रस्तावनाखंड आधी काढले. विश्वकोशाने परिभाषासंग्रह आधी काढला. शासनव्यवहाराच्या क्षेत्रातही हाच क्रम दिसतो. भाषा संचालनालय १९६० चे, पदनाम कोश १९६२ चा आणि राजभाषा अधिनियम १९६४ चा. त्या पदनाम कोशाची त्या काळी पुष्कळ थट्टा झाली. परंतु शब्द आधी व सक्ती नंतर, हा क्रम त्यात सांभाळला गेला होता. आजच्या यंत्रांतील रूढ साच्यात अनुवाद, पुनरीक्षण व मुद्रितशोधन यांना जागा आहे. परिभाषा ठरवण्याचा टप्पा साच्यात मुद्दाम घालावा लागतो आणि बहुधा तो घातला जात नाही. तो काळ मग अनुवादकाच्या सहा दिवसांतूनच चोरावा लागतो.

४

यंत्राच्या हिशेबातील दुसरा दोष मोजमापाचा आहे. मुदत शब्दसंख्येवरून निघते आणि शब्दसंख्या मूळ भाषेतील धरली जाते. ‘इन द हाउसेस ऑफ द फार्मर्स’ या इंग्रजी पदबंधात सहा शब्द आहेत; ‘शेतकऱ्यांच्या घरांत’ या मराठी रूपात दोनच. विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये जोडून लिहिण्याच्या आपल्या पद्धतीमुळे मराठीतील शब्दगणना बहुधा कमी भरते. याचा अर्थ मराठी अनुवादकाचे श्रम तिपटीने कमी असा कोणी करणार नाही. परंतु दोन भाषांतील गती एकाच कोष्टकावरून मोजणारा नियम नेमके तसेच काहीतरी गृहीत धरतो. शिवाय काठिण्य शब्दांच्या संख्येत नसते. एखाद्या विधी-मजकुरातील एका संज्ञेसाठी अर्धा दिवस खर्ची पडतो आणि पुढची दोन पृष्ठे तासाभरात होतात. यंत्राच्या दृष्टीने ती संज्ञा म्हणजे एक शब्द.

यांत्रिक अनुवादामुळे हा दोष आणखी वाढला आहे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये न्यायनिर्णयांच्या अनुवादासाठी ‘सुवास’ ही प्रणाली आणली आणि तिच्या भाषांत मराठीचा समावेश आहे. अशा प्रणालीचा मसुदा काही क्षणांत तयार होतो; परंतु तो मनुष्याने तपासावा लागतो. म्हणजे पहिल्या टप्प्याचा काळ जवळजवळ शून्यावर येतो आणि सारा भार पुनरीक्षणावर पडतो. तयार व वरकरणी सुबक वाक्यातील चूक शोधणे हे अडखळत्या वाक्यातील चूक शोधण्यापेक्षा अवघड असते. अशा स्थितीत सहास तीनास एक हे जुने प्रमाण यंत्रात तसेच राहू देणे, किंवा पहिल्या टप्प्यात वाचलेले दिवस सरळ शेवटच्या तारखेतून वजा करणे, म्हणजे ज्या टप्प्याला अधिक काळ हवा त्यालाच तो नाकारणे होय.

५

आता मुदतीच्या उगमाचा प्रश्न उरतो. मुदत कोणाच्या गरजेतून निर्माण होते? या प्रश्नाचे उत्तर ग्रंथालयात बसून देण्यापेक्षा नदीकाठी शोधणे अधिक फलदायी ठरेल. निफाड तालुक्यातील सायखेडा हे गोदावरीकाठचे गाव; समोर चांदोरी. २०१६ व २०१९ या दोन्ही वर्षांच्या ऑगस्ट महिन्यात या दोन्ही गावांत पुराचे पाणी शिरले. वर नाशिकजवळ गंगापूर धरणातून पाणी सोडले, की काही तासांनी ते येथे पोहोचते. सोडलेल्या पाण्याचा आकडा क्युसेकमध्ये, म्हणजे दर सेकंदाला इतके घनफूट असा जाहीर होतो. हवामानाचा इशारा ‘ऑरेंज अलर्ट’, ‘रेड अलर्ट’ अशा शब्दांत येतो.

या सूचनेचा अनुवाद करणाऱ्यापुढे जी मुदत असते, ती कोणत्याही व्यवस्थापकाने दिलेली नसते. ती पाण्याने दिलेली असते. पाणी पुलावर आल्यानंतर हाती पडलेला निर्दोष अनुवाद सायखेड्याच्या दुकानदाराला निरुपयोगी आहे. येथे ‘डेडलाइन’ या शब्दाला त्याचा मूळचा, शब्दशः अर्थ परत मिळतो. तथापि वेळेवर आलेला परंतु न समजणारा अनुवादही तितकाच निरुपयोगी होय. क्युसेकचा आकडा देवनागरीत लिहिला म्हणजे तो मराठी झाला असे नव्हे. नाशिकमध्ये पुराचे माप लोक दुतोंड्या मारुतीवरून घेतात : पाणी मूर्तीच्या गुडघ्याला लागले की कमरेला, यावरून शहराला जे कळते ते आकड्यावरून कळत नाही. इतक्या आकड्याला पाणी गावाच्या कोणत्या खुणेपर्यंत येते, हे सांगणारे वाक्य हाच त्या सूचनेचा खरा अनुवाद होय.

परंतु असे वाक्य पूर आल्यावर रचता येत नाही. आकडा आणि खूण यांचा मेळ आधीच्या पुरांच्या नोंदींवरून उन्हाळ्यातच घालून ठेवावा लागतो. ऐन वेळी फक्त रिकाम्या जागी आकडा भरायचा असतो. म्हणजे ज्या मजकुराची मुदत सर्वांत तोकडी, त्याच्या पूर्वतयारीला सर्वांत मोठा अवकाश हवा. विश्वकोशाच्या परिभाषासंग्रहातून जे तत्त्व निघाले तेच येथे अगदी निराळ्या परिस्थितीत पुन्हा भेटते, आणि म्हणून ते अनुवादव्यवहाराचे सामान्य तत्त्व मानण्यास हरकत नाही.

६

या विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतील. पहिला असा, की यंत्राला मुदतीचा नियम देण्यापूर्वी मजकुराचे वर्ग पाडले पाहिजेत. पूरसूचना, परीक्षेची प्रश्नपत्रिका, जूनमध्ये लागणारे पाठ्यपुस्तक यांचा शेवट वाचकाच्या गरजेने पक्का केलेला असतो. तेथे पहिली रीत योग्य, मात्र पुनरीक्षणाला किमान काळ राखून ठेवण्याच्या अटीवर. विधी, शास्त्र, तत्त्वज्ञान यांतील मूलभूत ग्रंथांना दुसरी रीत मानवते. काव्य-कादंबरीच्या अनुवादाला मुदत असेल तर ती प्रकाशकाची असते, कृतीची नसते; हा भेद नोंदीत स्पष्ट असावा. दुसरा निष्कर्ष परिभाषेच्या टप्प्यासंबंधी : त्याला साच्यात स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र काळ मिळाला पाहिजे.

तिसरा निष्कर्ष अभ्यासकांच्या विशेष उपयोगाचा आहे. बहुतेक यंत्रे मुदत चुकल्याची खूण तांबड्या रंगाने करतात. ती का चुकली हे क्वचितच विचारतात. मुदतवाढीचे कारण प्रत्येक वेळी एका ओळीत नोंदवले गेले, तर इंग्रजी व मराठी यांच्यातील खरे अडथळे कोठे आहेत याचा एक संग्रह तयार होईल. पुढील अनुवादशास्त्राला ही सामग्री अनुवादाच्या तयार ग्रंथांइतकीच मोलाची वाटेल. कारण तयार ग्रंथात अडथळा पार झालेला दिसतो, अडथळा दिसत नाही.

यंत्राचे घड्याळ वाईट नाही. मनुष्याची भीड, आळस व विस्मरण यांपासून ते कामाला वाचवते, आणि मराठी प्रकल्पांचा इतिहास पाहता असे संरक्षण आपल्याला नको आहे असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. परंतु घड्याळ काळ दाखवते, काळाचे प्रयोजन दाखवत नाही. ते प्रयोजन प्रत्येक मजकुरापाशी, त्याच्या वाचकाकडे पाहूनच ठरवावे लागते. सायखेड्याच्या पुलावर उभ्या असलेल्या माणसाला किती वेळ आहे, हे ज्याला ठाऊक आहे, त्यानेच पूरसूचनेची मुदत ठरवावी. आणि वाईच्या कोशकाराला किती वेळ लागतो, हे ज्याला ठाऊक आहे, त्याने कोशाची. यंत्राने ती फक्त लक्षात ठेवावी.