भग्नावशेषांची नक्कल आणि तंजावरची प्रत

रोमच्या भग्नावशेषांची चित्रे तुम्ही पाहिलेली असतात, चित्रकाराचे नाव ठाऊक नसले तरी. मोडकी कमान, तिच्या फटीत उगवलेली झुडपे, अर्धेच उरलेले स्तंभ, पायथ्याशी दोन-चार गुराखी आणि सगळ्यावर उतरत्या उन्हाचा पिवळा उजेड. मोठ्या हॉटेलांच्या दर्शनी भिंतींवर अशा जुन्या चित्रांच्या हाताने रंगवलेल्या नकला हमखास आढळतात. अशी नक्कल नेमकी कशाची असते, हा या पाठातला प्रश्न आहे. तो तपासायला आपण तंजावरला जाणार आहोत. ही चित्रदृष्टी तिथे मराठी राजांच्या काळात पोहोचली, आणि तिथल्या चित्रकारांनी तिच्यातले काही घेतले, काही सोडून दिले.

आधी थोडे रोमविषयी. जोव्हान्नी पाओलो पानिनी (1691–1765) याचे ‘प्राचीन रोम’ हे चित्र म्हणजे एक काल्पनिक चित्रदालन आहे. दालनाच्या भिंती जमिनीपासून छतापर्यंत चित्रांनी भरलेल्या; त्यांत कलोसियम, पँथिऑन, ट्राजनचा स्तंभ. म्हणजे हे अवशेषांच्या चित्रांचे चित्र. पानिनीने 1750च्या दशकात ते स्वतःच एकाहून अधिक वेळा रंगवले. तेव्हा ‘मूळ चित्र थोर, नक्कल हलकी’ हा आपला नेहमीचा निवाडा इथे चालत नाही. रोम पाहायला येणाऱ्या श्रीमंत प्रवाशांना आठवण म्हणून घरी न्यायला चित्रे हवी असत, आणि या चित्रप्रकारात पुनरावृत्ती पहिल्यापासूनच होती.

पुनरावृत्तीत इमारत बदलते, मांडणी टिकते. क्लोद लोरँ (1600–1682) याने रोमच्या परिसराची जी निसर्गचित्रे काढली, त्यांतून ही मांडणी रूढ झाली: एका कडेला गडद झाड, मध्यभागी उजळलेली वास्तू, मागे निळसर होत जाणारे अंतर. इंग्रज चित्रकारांनी ती पाठ केली. त्यांपैकी टॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम 1792 साली दक्षिणेच्या दौऱ्यात तंजावरला आले. पुढे लंडनमध्ये 1795 ते 1808 या काळात त्यांची ‘ओरिएंटल सीनरी’ ही 144 मुद्राचित्रांची मालिका निघाली. ही मुद्राचित्रे छापल्यावर हाताने रंगवून पुरी केली जात, म्हणजे त्यांची प्रत्येक प्रत अर्धी छापील, अर्धी हातची. मालिकेतली वेरूळची चित्रे तर जेम्स वेल्स या दुसऱ्याच चित्रकाराच्या रेखाटनांवरून केलेली आहेत. नकलेची नक्कल म्हणा हवे तर. पण वेरूळ इंग्लंडमधल्या घराघरांत पोहोचले ते तिच्यामुळेच.

डॅनियलांची मेहनत नाकारण्याचे कारण नाही. ते कॅमेरा ऑब्स्क्युरा वापरत, वास्तूचे प्रमाण जपत. माझा आक्षेप वेगळा आहे. महाबलिपुरम, घारापुरी ही ठिकाणे त्या काळी ओस होती; तिथे तो करुण उजेड शोभतो. तंजावरचे बृहदीश्वर मंदिर मात्र अवशेष नव्हते. सुमारे 1010 साली राजराज चोळाने पुरे केलेल्या या मंदिरात तेव्हाही पूजा चालू होती. अलीकडे 2020 च्या फेब्रुवारीत त्याचा कुंभाभिषेक झाला. चालत्या देवळाला आणि ओस लेण्याला एकाच मालिकेत, एकाच धाटणीने बसवले की पाहणारा दोन्ही ‘गेलेल्या काळा’त जमा करतो. मापे बरोबर, काळ चुकीचा.

आणि हा काळ चुकणे निरुपद्रवी नव्हते. 1799 च्या तहाने दुसऱ्या सरफोजीराजांकडे (कारकीर्द 1798–1832) तंजावरचा किल्ला आणि भोवतालचा थोडा मुलूख एवढेच उरले. बाकी राज्य कंपनीने घेतले. डॅनियल त्याआधी येऊन गेले होते, तेव्हा चित्रांनी राज्य बुडवले असे कोणी म्हणू नये. पण जे राज्य बुडत होते, त्याच्या राजधानीची चित्रे लंडनमध्ये सुंदर, शांत, पुरातन म्हणून विकली जात होती, ही गोष्ट चित्र वाचताना बाजूला ठेवता येत नाही. याच सुमारास, 1803 साली, सरफोजींनी बृहदीश्वराच्या आवारातील भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवला. मला त्यात एक उत्तर दिसते: हा दगड अजून लिहिण्याजोगा आहे. हे माझे वाचन झाले. तुम्ही तपासून घ्या.

सरफोजींना युरोपीय कलेचे वावडे नव्हते. त्यांचे गुरू श्वार्ट्झ यांच्या स्मारकाचे संगमरवरी शिल्प त्यांनी जॉन फ्लॅक्समनकडून करवून घेतले. हा शिल्पकार 1787 ते 1794 रोममध्ये राहून शिकलेला. म्हणजे रोम तंजावरला आले, पण दगड होऊन. सरस्वती महालात माणसांच्या आणि पशूंच्या चेहऱ्यांची तुलना करणारी ले ब्रनची चित्रेही मांडलेली आहेत.

आता तंजावरच्या चित्रकारांकडे या. साहेबांसाठी त्यांनी चित्रसंग्रह तयार केले: निरनिराळ्या जातींची, व्यवसायांची जोडपी, देवता, मिरवणुका. जोडप्यांचे कोणतेही चित्र नीट पाहा. विलायती कागद, पातळ जलरंग, खाली आणलेले क्षितिज, पायांपासून निघालेली सावलीची रेघ, हे सारे युरोपीय. पण माणसे समोर, उजेडात, पुरी उभी. विणकराच्या हातात त्याचे साधन असते, बाईच्या लुगड्याचा काठ मोजता येतो. कडेचे गडद झाड नाही, संध्याकाळ नाही. काही समीक्षक याला अर्धवट शिकलेले यथादर्शन म्हणतात. मला ते पटत नाही. ज्याला सावली जमली, त्याला संध्याकाळ जमली असती. ग्राहकाला माहिती हवी होती हे एक कारण खरे. दुसरे असे की, हे चित्रकार ज्या गावात राहत, ते त्यांच्या लेखी मोडकळीला आलेले दृश्य नव्हते. तिथे उद्याही मिरवणूक निघायची होती.

इथे मराठीतले दोन शब्द कामी येतात. ‘नक्कल’ म्हणजे दिसणे उचलणे. ‘प्रत’ म्हणजे मजकूर पुढे नेणे. पोथीची प्रत मूळ पोथीइतकीच वाचली जाते, आणि सरस्वती महाल अशाच प्रतींनी भरलेला आहे. फणसाच्या लाकडी फळीवर सोन्याचा वर्ख लावून केलेले तंजावरचे देवचित्रही प्रतच. बाळकृष्ण शंभरदा ठरलेल्या आराखड्यावरून उतरवला तरी शंभरावाही देवघरात बसतो. हॉटेलातल्या मोडक्या कमानीचे तसे होत नाही. तिच्यात कलोसियमची माहिती नसते आणि तिची पूजाही कोणी करत नाही. हाती येतो तो क्लोदचा पिवळा उजेड. तो ज्या हाताने उतरवला त्याचे कसब मोठे असू शकते. पुढच्या वेळी असे चित्र दिसले तर कमान सोडून द्या आणि पायथ्याच्या गुराख्यांकडे पाहा. ते बहुधा काहीच करत नसतात. मग तंजावरच्या विणकराच्या हातांकडे पाहा.