‘स्टँडर्डाइझ’ ते ‘प्रमाणित करणे’ : एका क्रियापदाचा अर्थप्रवास आणि झाडीबोली

इंग्रजीतील ‘स्टँडर्डाइझ’ या क्रियापदासाठी मराठीत ‘प्रमाणित करणे’ किंवा ‘प्रमाणीकरण करणे’ हे प्रतिशब्द रूढ आहेत. शासकीय परिपत्रके, भाषाविज्ञानाची पाठ्यपुस्तके आणि चर्चासत्रांतील शोधनिबंध यांत ते इतके सरावाचे झाले आहेत की, मूळ शब्द व प्रतिशब्द यांचा अर्थव्याप एकच आहे असे आपण गृहीत धरतो. प्रस्तुत लेखात हे गृहीतक चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील भाषाव्यवहाराच्या संदर्भात तपासावयाचे आहे. प्रतिशब्द चुकीचा आहे असे मला म्हणावयाचे नाही. तो मूळ शब्दापेक्षा अधिक काही बोलतो, आणि हे ‘अधिक’ आपल्या वर्गातील विद्यार्थ्याला भोवते, एवढे माझे म्हणणे आहे.

‘स्टँडर्ड’ हे नाम इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आले. त्याचा आरंभीचा अर्थ रणांगणावर रोवलेले निशाण असा होता. पांगलेल्या सैन्याने ज्याच्याभोवती पुन्हा गोळा व्हावे, ती खूण म्हणजे ‘स्टँडर्ड’. पुढे राजसत्तेने ठरवून दिलेल्या वजनामापांना हाच शब्द लावला गेला. म्हणजे नाम शतकानुशतके जुने आहे. क्रियापद मात्र तुलनेने अर्वाचीन असून ते १८७० च्या दशकात वापरात आलेले दिसते. मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. त्यात हे क्रियापद सापडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ते यंत्रयुगाचे अपत्य होय. जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ मध्ये स्क्रूच्या आट्यांसाठी एकच पद्धती असावी असा प्रस्ताव मांडला, तेव्हा कल्पना होती, क्रियापद नव्हते. १८७५ चा मीटर करार आणि १९०१ मध्ये ब्रिटनमध्ये स्थापन झालेली अभियांत्रिकी मानकांची समिती यांच्या काळात ते स्थिरावले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ठरलेल्या मापाचा नसलेला स्क्रू ‘खोटा’ ठरत नाही. तो दुसऱ्या कारखान्याच्या नटात बसत नाही, इतकेच. क्रियापदाचा मूळ व्यवहार सोयीचा आहे, सत्यासत्याचा नाही. अर्थात इंग्रजीतही हा शब्द निष्पाप राहिलेला नाही. ‘स्टँडर्ड’ या विशेषणाला ‘दर्जेदार’ ही छटा चिकटली आणि लंडनबाहेरच्या बोलींना त्याची किंमत मोजावी लागली.

मराठीने निवडलेला ‘प्रमाण’ हा शब्द ‘मा’ म्हणजे मोजणे या धातूपासून आला असल्याने माप हा अर्थ त्यात आहेच. तथापि भारतीय ज्ञानपरंपरेत प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन होय. न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली. वेदप्रामाण्य या शब्दात तर अधिकारवाणीचा अर्थ उघडच आहे. त्यामुळे ‘प्रमाण भाषा’ असे म्हणताच ‘मापाची भाषा’ मागे पडून ‘अधिकाराची भाषा’ पुढे येते, आणि उरलेल्या बोली आपोआप अप्रमाण, म्हणजे विश्वास ठेवण्यास अपात्र ठरतात. हिंदीने याच कामासाठी ‘मानक’ हा शब्द घेतला. मराठीतही भारतीय मानक ब्यूरोच्या संदर्भात, सिमेंट वा विजेच्या उपकरणांविषयी बोलताना आपण ‘मानक’च म्हणतो. वस्तूला मानक आणि भाषेला प्रमाण, ही वाटणी कोणी जाणीवपूर्वक केली असेल असे वाटत नाही; पण ती झाली आहे. त्यात अलीकडे ‘आधार प्रमाणीकरणा’ची भर पडली. तेथे हाच शब्द ओळख पटविणे या अर्थाने येतो. बोटाचा ठसा जुळला नाही की दुकानदार ‘प्रमाणीकरण झाले नाही’ असे सांगतो, आणि माणूस समोर उभा असूनही तो ‘तो’ नसतो.

या दोन जिल्ह्यांत ‘प्रमाण’ हा शब्द व्याकरणाच्या पुस्तकात न पाहिलेल्या माणसालाही ठाऊक आहे, तो तेंदूच्या हंगामामुळे. महाराष्ट्रात तेंदूपानांचा व्यवहार ‘प्रमाण गोणी’वर चालतो. सत्तर पानांचा एक पुडा आणि अशा एक हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. शेजारच्या मध्य प्रदेशात पुडा पन्नास पानांचा. झाड तेच, पानही तेच, पण सीमा ओलांडली की प्रमाण बदलते, आणि या बदलाने कोणाचे पान अशुद्ध ठरत नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर फळीवर पुडे मोजून देणाऱ्या बाईला हे पक्के ठाऊक असते की, सत्तर हा आकडा माणसांनी हिशेबासाठी ठरविला आहे. तो निसर्गातून आलेला नाही, शास्त्रातूनही नाही. वनहक्क कायदा, २००६ नंतर अनेक ग्रामसभा स्वतःच तेंदूपानांची विक्री करू लागल्या, तेव्हा मापाच्या मागचा व्यवहारही त्यांच्या हाती आला. ‘स्टँडर्ड’चा मूळ अर्थ मला आपल्या कोशांपेक्षा या फळीवर अधिक स्वच्छ दिसतो.

भाषेच्या बाबतीत असे घडले नाही. अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक चौदा नियमांना १९६२ मध्ये शासनाची मान्यता मिळाली. १९७२ मध्ये आणखी चार नियमांची भर पडून ते अठरा झाले. २००९ मध्ये शासनाने वर्णमाला व लिपी यांविषयी निर्णय काढला. हे सर्व प्रयत्न आवश्यक होते, याबद्दल दुमत नसावे. परंतु या नियमांना आपण ‘शुद्धलेखनाचे नियम’ म्हणतो, तेव्हा प्रमाणाच्या जोडीला शुद्धीची कल्पनाही येऊन बसते. चांदा जिल्हा १८६१ पासून मध्य प्रांतात होता, १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला. १९६४ मध्ये चंद्रपूर हे नाव मिळाले आणि १९८२ मध्ये त्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. पुण्या-मुंबईकडे घडलेल्या गद्याशी येथील बोलीचा संबंध मुख्यतः पाठ्यपुस्तकातूनच आला. ज्या निशाणाभोवती गोळा व्हावयाचे, ते फार दूरवर रोवलेले होते.

झाडीबोलीत ‘ण’ नाही, त्याच्या जागी ‘न’ येतो; ‘ळ’ हा ध्वनीही नाही. ‘पाणी’चे ‘पानी’ होते, ‘कोण’चे ‘कोन’. ही वक्त्याची हयगय नसून बोलीची नियमबद्ध ध्वनिव्यवस्था आहे, हे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्या अभ्यासातून मराठी जगापुढे आले. तरीही उत्तरपत्रिकेत ‘आनि’ दिसले की आपला लाल पेन थांबत नाही. माझाही थांबत नसे. एका विद्यार्थ्याने धानाच्या शेतीवर निबंध लिहिताना ‘वीस मन धान झाले’ असे लिहिले होते. मी ‘मन’ला वर्तुळ केले, समासात ‘मण’ लिहिले आणि एक गुण कापला. निबंध मात्र त्या गठ्ठ्यातील सर्वांत चांगला होता. रोवणीपासून मळणीपर्यंतचा हिशेब त्याला जसा ठाऊक होता, तसा मला नाही. नंतर लक्षात आले की, ते वर्तुळ लेखनदोष दाखवीत नव्हते, ‘तू सांगतोस ते प्रमाण नाही’ असे सांगत होते.

यावर एक आक्षेप सहज घेतला जाईल. स्पर्धा परीक्षेत ‘आनि’ चालत नाही. बोलीचे कौतुक करून आपण या विद्यार्थ्यांना मागेच ठेवणार काय? आक्षेप रास्त आहे. लेखनासाठी समान रूप हवेच, आणि ते गडचिरोलीच्या विद्यार्थ्याला इतरांइतकेच पक्के यावयास हवे. मात्र ते तेंदूच्या पुड्यासारखे शिकविता येते : येथे सत्तर, तेथे पन्नास, घरी ‘पानी’, परीक्षेत ‘पाणी’. यासाठी ‘मानक मराठी’ हा शब्द आपण वर्गात वापरून पाहावा, असे मला सुचवावेसे वाटते. हिंदीचे अनुकरण म्हणून काही सहकारी नाक मुरडतील. मुरडोत.

लेखननियमांनीच एक फट ठेवली आहे : पात्राच्या तोंडी उच्चारानुसारी लेखन करण्यास मुभा आहे. बोली पात्रापुरती आणि निवेदन प्रमाणात, ही रचना आपल्या कथा-कादंबऱ्यांनी निमूटपणे स्वीकारली. झाडीपट्टी रंगभूमीचे जे प्रयोग मी पाहिले, त्यांतही नायक-नायिका ग्रांथिक मराठीत बोलतात आणि झाडीबोली विनोदी पात्राच्या वाट्याला येते. देसाईगंज (वडसा) येथील नाट्यमंडळ्या ज्या प्रेक्षकांवर जगतात, त्यांची घरची भाषा रंगमंचावर हशा मिळविते, अश्रू नाही. याचा स्वतंत्र अभ्यास व्हावयास हवा.

गोंडीचा प्रश्न याहून वेगळा आहे. तिच्यासाठी देवनागरी आणि तेलुगू लिप्या वापरात आहेतच. शिवाय युनिकोडने २०१७ मध्ये मसराम गोंडी आणि २०१८ मध्ये गुंजाळा गोंडी अशा दोन लिप्यांना स्थान दिले. एका भाषेच्या दोन लिप्या जगातील सर्वांत मोठ्या मानकाने शेजारी शेजारी ठेवल्या आणि त्यांतील खरी कोणती, हे विचारले नाही. आमच्या वर्गात माडिया घरातील जी मुले येतात, त्यांच्यासाठी तर मराठी हीच दुसरी भाषा आहे. त्यांच्या ‘चुका’ झाडीबोलीच्या नाहीत, निराळ्या आहेत. परंतु लाल वर्तुळ दोघांनाही सारखेच पडते.