स्विचिंग पॉवर सप्लायमधील अनिष्ट दोलने आणि मिडलब्रुक यांचा निकष : एक चिकित्सा

प्रस्तावना :
संगणकापासून मोबाईलच्या चार्जरपर्यंत स्विचिंग पॉवर सप्लाय आज सर्वत्र आढळतो. त्याच्या रचनेत उद्भवणारी अनिष्ट दोलने ही अभियंत्यांची जुनी डोकेदुखी होय. स्थिर राहावयाचे व्होल्टेज ठरावीक गतीने वर-खाली होऊ लागते आणि त्याचे खापर सामान्यतः फीडबॅक लूपवर फोडले जाते. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील आर. डी. मिडलब्रुक यांनी १९७६ मध्ये आय.ई.ई.ई.च्या इंडस्ट्री ॲप्लिकेशन्स सोसायटीच्या वार्षिक अधिवेशनात इनपुट फिल्टरविषयी निबंध सादर केला. त्याने या दोषशोधनाला वेगळी दिशा दिली. या निबंधाचे मोल आणि त्याच्या प्रचलित वापरातील उणीव यांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

मूळ विचार :
उत्तम रेग्युलेटर भाराला स्थिर शक्ती पुरवितो. त्यामुळे इनपुट व्होल्टेज घटले की तो अधिक प्रवाह ओढतो. साध्या रोधाचे वर्तन याच्या नेमके उलट असते. म्हणूनच, लहान बदलांपुरता, रेग्युलेटर हा ऋण रोध ठरतो. १२ व्होल्टवर २४ वॅट घेणाऱ्या आदर्श रेग्युलेटरचा हा रोध उणे ६ ओहम येतो. त्यापुढे १० मायक्रोहेन्रीची कॉइल व १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असलेला फिल्टर जोडला आणि कॉइलच्या तारेचा रोध ०.१ ओहम धरला, तर सुमारे १६ किलोहर्ट्झला अनुनाद होऊन फिल्टरचा संरोध, म्हणजेच इम्पिडन्स, १० ओहमपर्यंत चढतो. लूपची बँडविड्थ या वारंवारतेच्या पुरेशी वर असेल, तर ऋण रोध फिल्टरमधील अल्प अवमंदनावर मात करतो आणि दोलने सुरू होतात. फिल्टर निर्दोष, रेग्युलेटरही निर्दोष. दोष दोहोंच्या सांध्यात. निबंधाची खरी अंतर्दृष्टी ही आहे.

निकष आणि त्याचे अपुरे वाचन :
फिल्टरचा आउटपुट संरोध रेग्युलेटरच्या इनपुट संरोधापेक्षा सर्व वारंवारतांना बराच कमी असावा, असा मिडलब्रुक यांचा निकष थोडक्यात सांगता येईल. त्यांचा हेतू दुहेरी होता : संपूर्ण रचना स्थिर राहावी आणि फिल्टरमुळे रेग्युलेटरच्या मूळ लूपचे गुणधर्मही बिघडू नयेत. हा निकष एका ओळीच्या नियमात बसविला की दुसरा हेतू मागे पडतो. शिवाय ही अट पुरेशी आहे, आवश्यक नाही. तीत केवळ परिमाणांची तुलना होते, कला (फेज) लक्षात घेतली जात नाही. म्हणून अट मोडली गेली तरी दोलने होतीलच असे नाही. वाइल्ड्रिक, ली व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये कलेचाही विचार करणारा, कमी जाचक निकष मांडला, तो याच मर्यादेमुळे.

दोषनिदानाचा प्रश्न :
अधिक गंभीर बाब अशी की, रचनेसाठी सांगितलेला नियम निदानासाठी वापरला जातो. प्रयोगशाळेत इनपुटला मोठा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर जोडतात, दोलने थांबतात आणि चौकशीही तेथेच थांबते. वस्तुतः त्या कपॅसिटरच्या अंतर्गत रोधानेही अवमंदन पुरविलेले असते. पुढे त्याच्या जागी अत्यल्प रोधाचा सिरॅमिक कपॅसिटर आला की दोष परत येऊ शकतो.

निदान लक्षणांवरून व्हावयास हवे. पीक करंट मोडमध्ये ड्यूटी सायकल ५० टक्क्यांहून अधिक असताना दोलन स्विचिंग वारंवारतेच्या बरोबर निम्म्यावर दिसले, तर ते सबहार्मोनिक होय. तेथे स्लोप कॉम्पेन्सेशन हवे. इनपुट कपॅसिटर व्यर्थ. दोलन लूपच्या क्रॉसओव्हर वारंवारतेजवळ असेल, तर फेज मार्जिन तपासावे. ते फिल्टरच्या अनुनादाजवळ असेल आणि कमी इनपुट व्होल्टेज व पूर्ण भार असताना बळावत असेल, तर संशय फिल्टरवर जातो. कारण वरील उदाहरणात ९ व्होल्टवर ऋण रोध उणे ३.४ ओहमवर येतो. हे लक्षण मूळ युक्तिवादातून थेट निघते. एका ओळीच्या नियमातून निघत नाही. येथे उपायही मोजून करता येतो : ४० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ०.६ ओहमच्या रोधासह एकसरीत घेऊन ही जोडी फिल्टरच्या कपॅसिटरला समांतर जोडल्यास संरोधाचे शिखर १ ओहमच्या आत येते.

निष्कर्ष :
मिडलब्रुक यांचा निकष रचनाकाराला सुरक्षित अंतर दाखवितो, परंतु बिघडलेल्या सर्किटचे कारण सांगत नाही. ते कारण त्यांच्या युक्तिवादात सापडते. अध्यापनात नियमाबरोबर तो युक्तिवादही शिकविला गेला नाही, तर विद्यार्थी दोलने थांबवायला शिकेल. ती का सुरू झाली, हे त्याला सांगता येणार नाही.