'जूनटीन्थ' : विलंबित मुक्तीचा उत्सव आणि राल्फ एलिसन यांची कादंबरी

प्रस्तावना :
अमेरिकेच्या टेक्सास राज्यात १९ जून १८६५ रोजी गुलामगिरीच्या समाप्तीची घोषणा झाली. 'जून' आणि 'नाइन्टीन्थ' या शब्दांचा जोड करून लोकांनीच या दिवसाला 'जूनटीन्थ' हे नाव दिले. राल्फ एलिसन यांच्या मरणोत्तर प्रकाशित कादंबरीचेही हेच शीर्षक आहे. उशिरा आणि अपुऱ्या स्वरूपात मिळालेल्या मुक्तीचा उत्सव का करावा, या प्रश्नाच्या अनुरोधाने प्रस्तुत लेखात या कादंबरीचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
अध्यक्ष लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ रोजी अमलात आला. परंतु जेथे संघराज्याचे सैन्य पोहोचले नव्हते तेथे तो कागदावरच राहिला. टेक्सासमध्ये सुमारे अडीच लाख माणसे गुलामगिरीत होती. जनरल गॉर्डन ग्रेंजर यांनी गॅल्व्हेस्टन येथे काढलेल्या आदेशाने त्यांची मुक्ती जाहीर झाली, ती जवळजवळ अडीच वर्षांनंतर. हा आदेश मालक व गुलाम यांच्यात व्यक्तिगत आणि मालमत्तेच्या हक्कांची पूर्ण समानता मान्य करतो. त्याच वेळी मुक्त झालेल्यांनी आहे तेथेच शांतपणे राहून मजुरीवर काम करावे, आळशीपणात त्यांना पोसले जाणार नाही, असेही बजावतो. मालकांना समज देणारे एकही वाक्य त्यात नाही.

तरीही १८६६ पासून हा दिवस प्रार्थना, भाषणे व सहभोजन यांनी साजरा होऊ लागला. ह्यूस्टन येथील मुक्त झालेल्या लोकांनी १८७२ मध्ये वर्गणी जमवून उत्सवासाठी दहा एकर जमीन विकत घेतली. टेक्सासमध्ये १९८० पासून या दिवसाला राज्याच्या सुटीचा दर्जा मिळाला, तर संघराज्याने तो २०२१ मध्ये दिला. म्हणजे शासनाच्या मान्यतेपूर्वी शतकाहून अधिक काळ हा उत्सव लोकांनीच जिवंत ठेवला.

कादंबरीतील उत्सव :
एलिसन यांचे १९९४ मध्ये निधन झाले. त्यांच्या अपूर्ण हस्तलिखितातून जॉन कॅलहन यांनी संपादित केलेली ही कादंबरी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. कृष्णवर्णीय धर्मोपदेशक हिकमन यांनी ब्लिस या गौरवर्णीय दिसणाऱ्या मुलाला वाढविले. तोच पुढे सनरेडर या नावाने वंशद्वेष पसरविणारा सिनेटर होतो. सिनेटमध्ये त्याच्यावर गोळ्या झाडल्या जातात आणि रुग्णशय्येवर हिकमन यांच्या सोबतीत त्याला बालपणातील जूनटीन्थ आठवू लागतो.

मुक्तीच्या भ्रमाचा उत्सव करणारी भोळी माणसे, असे सनरेडर प्रथम या लोकांना हिणवतो. हा आक्षेप एलिसन टाळत नाहीत. त्याचे उत्तर ते उत्सवातील प्रवचनातून देतात. हिकमन आणि बाल ब्लिस यांच्या सवाल-जवाबातून हिरावलेली भाषा, नावे आणि ढोल यांची कथा उभी राहते. विखुरलेल्या अस्थींतून एक समाज पुन्हा जन्मतो. येथे लिंकन किंवा ग्रेंजर नायक नाहीत. जे मिळाले त्यापेक्षा जे टिकवून ठेवले त्याचा हा उत्सव आहे. त्यामुळे सनरेडरची शोकांतिका केवळ वंश नाकारण्याची राहत नाही, तर स्मृती नाकारण्याची होते.

कादंबरीची मर्यादाही नोंदविली पाहिजे. दोन हजारांहून अधिक पृष्ठांच्या हस्तलिखितातील हा निवडक भाग असल्याने त्याची रचना संपूर्णपणे एलिसन यांचीच मानता येत नाही. २०१० मध्ये अधिक विस्तृत आवृत्ती आल्यानंतर हे प्रकर्षाने जाणवते.

निष्कर्ष :
मराठी वाचकाला या इतिहासाची ओळख जुनी आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मधील 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केला. स्वदेशीयांनी तो कित्ता गिरवावा ही त्यामागील अपेक्षा होती. म्हणून तेथे मुक्त करणाऱ्यांचा गौरव स्वाभाविक ठरतो. एलिसन यांची दृष्टी मुक्त होणाऱ्यांकडे आहे. वर्गात 'गुलामगिरी' शिकविताना ही दुसरी बाजू समोर ठेवली नाही, तर मुक्ती ही कोणीतरी दिलेली देणगी आहे असा समज विद्यार्थ्यांत रुजण्याचा धोका राहतो. जूनटीन्थचा इतिहास हा समज खोडून काढतो.