रचणाऱ्याच्या तोंडून गाणं

(भुसावळ इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आज तुम्हाला मी एका गच्चीवर नेणार आहे. गेल्या कोजागरीला आपल्याच गावात, रेल्वे लाइनीपासून फार लांब नसलेल्या एका घराच्या गच्चीवर तीन माणसं गायली. खाली सतरंज्या, पातेल्यात मसाला दूध, चाळीसेक श्रोते. माइक नव्हता. तिघंही गाणी स्वतः रचणारी. तिघं मधे बसली, आम्ही भोवती. एकाने एक गाणं म्हणायचं, मग पुढच्याने. एक रावेरकडचा केळीवाला शेतकरी, एक यावल तालुक्यातल्या शिक्षिका, आणि एक रेल्वेतून निवृत्त झालेले फिटर. त्यांची नावं मी घेणार नाही. ते गायला आले होते, परीक्षेला बसले नव्हते. आणि मी आज थोडी टीका करणार आहे.

अशी बैठक ही काही जगावेगळी गोष्ट नाही. अमेरिकेत नॅशव्हिल नावाचं शहर आहे. तिकडे ज्याला ‘कंट्री’ म्हणतात, म्हणजे गावाकडच्या वळणाचं गाणं, त्याची ती राजधानी. तिथे ब्लूबर्ड कॅफे म्हणून एक छोटीशी जागा १९८२ मध्ये सुरू झाली. माणसं मावतात नव्वदच्या आसपास. १९८५ पासून तिथे रिवाज पडला तो असा, की गीतकारांनी मधोमध गोल करून बसायचं आणि आळीपाळीने आपापलं गाणं म्हणायचं. यातल्या कित्येकांची गाणी मोठमोठ्या गायकांनी गाऊन गाजवलेली असतात. लोकांना गाणं पाठ असतं, पण रचणाऱ्याचा चेहरा ठाऊक नसतो. तो बघायला, त्याच्या साध्या आवाजात ते गाणं ऐकायला लोक येतात. का येतात? गळा तर त्या मोठ्या गायकाचाच चांगला असतो ना?

हा प्रश्न आपल्याकडेही जुना आहे. होनाजी बाळा हे नाव आपण एका दमात घेतो. पण रचणारा होनाजी आणि गाणारा बाळा, ही दोन माणसं होती. म्हणजे श्रमविभागणी तेव्हापासूनची. पुढे रेडिओ आणि तबकड्या आल्या आणि ती पक्की झाली. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. छप्पन्न गाणी, शब्द गदिमांचे, संगीत सुधीर फडक्यांचं. आज तुमच्या कानात ते गाणं कुणाच्या आवाजात वाजतं? बाबूजींच्या. मराठी भावगीताचं वैभव या विभागणीतूनच आलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

दुसरा प्रवाहही होता. १९२३ मध्ये पुण्यात रविकिरण मंडळ निघालं. त्यातले यशवंत, गिरीश, माधव जूलियन आपल्या कविता गाऊन दाखवत आणि त्याला गर्दी होई. नंतर मर्ढेकर आले, नवकविता आली, कवितेचं घर कागद झालं. गाणारा कवी जरा खालच्या पंगतीला बसला. ‘मंचीय’ हा शब्द आम्ही प्राध्यापकांनी शिवी म्हणून वापरला. आम्ही म्हणतोय, म्हणजे त्यात मी आलो. त्याचं पुढे सांगतो.

पण मी तत्त्वज्ञानाचा माणूस. गच्चीवर बसल्याबसल्या माझ्या डोक्यात अभिनवगुप्त आला. (हशा) हजार वर्षांपूर्वीचा काश्मिरी पंडित. क्रौंच पक्षी मारला गेला, वाल्मीकीला शोक झाला, त्याचा श्लोक झाला, ही गोष्ट आपल्याला माहीत आहे. अभिनवगुप्त म्हणतो, तो मुनीचा खासगी शोक समजू नका. स्वतःच दुःखाने पोळून निघालेल्या माणसाच्या हातून काव्य होत नाही. भावना ‘माझी’ राहून चालत नाही, ती कुणा एकाची न राहता सगळ्यांची व्हावी लागते. याला साधारणीकरण म्हणतात. आता अडचण बघा. समोर शेतकरी बसलाय, त्याचीच बाग पडलीय, तोच गातोय. माझे डोळे भरून आले, तर तो रस की नुसती दया? मी गाणं ऐकतोय की माणसाची चौकशी करतोय? रचणाऱ्याने स्वतः गाण्यातला खरा धोका इथे आहे. गाणं कच्चं असलं तरी माणूस खरा असतो, आणि चाळीस जणांच्या बैठकीत ‘कच्चं आहे’ म्हणायची कुणाची छाती होत नाही. म्हणून ती तीन गाणी जरा नीट बघू.

पहिलं गाणं शेतकऱ्याचं. आधी तो दहा मिनिटं बोलला. पावसाळ्याआधीचं वादळ, निसवलेली बाग आडवी झाली, तलाठी आले, पंचनामा झाला, भरपाई अडकली. सगळं खरं. पण गाणं सुरू होण्याआधीच त्याने आमचं मन जिंकून घेतलं, आणि पहिल्या दोन कडव्यांत तेच पुन्हा यमकात बांधून सांगितलं. चाल एका जुन्या हिंदी सिनेमातल्या गाण्याची, चांगली ठेक्याची. चाल उसनी घेण्याला माझा आक्षेप नाही. आपल्याकडे कितीतरी गाणी तशीच उभी राहिली, ओळखीची चाल असली की लोक पटकन सामील होतात. पण इथे चाल नाचत होती आणि शब्द रडत होते, दोघांचं जमत नव्हतं. मग तिसरं कडवं आलं. वादळानंतर तो बागेत शिरतो, अंधारात पाय एका पडलेल्या घडावर पडतो, आणि माणसाला पाय लागल्यावर आपण करतो तसा तो वाकून त्या घडाला नमस्कार करतो. एवढंच. इथे त्याने चाल आपोआप संथ केली, ठेका सोडून दिला. मंडळी, त्या क्षणी ती बाग त्याची राहिली नाही. पाय लागला की नमस्कार करायचा, हे आपण सगळेच लहानपणापासून करत आलो. दया संपली आणि गाणं सुरू झालं.

दुसरं गाणं शिक्षिकाबाईंचं. त्यांनी प्रस्तावना केलीच नाही. एवढंच म्हणाल्या, ‘चाल गुलाबाईची आहे, बायकांनो साथ द्या.’ गुलाबाईची गाणी आपल्याकडे भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली म्हणतात. त्यातला एक साचा सगळ्यांना ठाऊक आहे. सून माहेरी जायला विचारते, सासू एकेक काम पुढे करते. बाईंनी साचा तोच ठेवला आणि माहेराच्या जागी परीक्षा ठेवली. सून भरतीच्या परीक्षेला जाऊ का विचारते. सासू म्हणते, आधी गहू निवड, मग पापड लाट, मग नणंदेचं बाळंतपण होऊ दे. दरेक कडव्याला बायका हसत होत्या, साथ देत होत्या. शेवटच्या कडव्यात सासू म्हणते, जा आता. आणि परीक्षेची तारीख होऊन गेलेली आहे. चाल तीच, शब्द खेळकरच, पण साथ द्यायला कुणाचा आवाज निघाला नाही. हे कसब आहे. स्वतःबद्दल एक शब्दही न सांगता, शेकडो वर्षं मुलींनी हसत म्हटलेल्या साच्यात आज काय अडकलंय ते त्यांनी दाखवलं. ती सून त्या स्वतःच का, हे कुणी विचारलं नाही. विचारायची गरजच उरली नाही.

तिसरं फिटरसाहेबांचं. वाफेच्या इंजिनांच्या दिवसांवर. हत्यारांची नावं, पार्टांची नावं, शेडमधल्या जागांची नावं. यादी लांबली. ज्यांनी शेडमध्ये काम केलं ते माना डोलावत होते, बाकीचे दूध पीत होते. मधेच एका गाडीचा भोंगा वाजला. ते थांबले, ऐकलं, कुठली गाडी ते सांगितलं, ती पुलाकडे जाईपर्यंत वाट बघितली, आणि पुढची ओळ धरली. सगळी गच्ची त्यांच्याबरोबर थांबली होती. रात्रीतला सगळ्यात सुंदर क्षण कदाचित तोच. पण टीकाकार म्हणून मला सांगायला हवं, की तो क्षण गाण्यात नव्हता, त्या रात्रीत होता. त्याचे गुण गाण्याला देता येणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर तिन्ही गाण्यांचे तुकडे आले. माणूस समोर नाही, दूध नाही, चांदणं नाही. बाईंचं गाणं जसंच्या तसं उभं होतं. शेतकऱ्याची पहिली दोन कडवी पडली, तिसरं उभं राहिलं. फिटरसाहेबांची यादी आणखी लांब वाटली. ही साधी कसोटी आहे: रचणारा उठून गेल्यावर गाण्यात काय उरतं?

मग कुणी म्हणेल, सर, असंच असेल तर रचणाऱ्याने गायचं कशाला? गाणं चांगलं असेल तर कुणीही गावं. याचं उत्तर मला त्याच रात्री मिळालं होतं, फक्त ते माझ्या लक्षात उशिरा आलं. शेतकऱ्याचं गाणं संपल्यावर कोपऱ्यातल्या एका आजींनी विचारलं, ‘मग भाऊ, पुढच्या साली केळी लावली का?’ तो म्हणाला, ‘लावली.’ जरा थांबून म्हणाला, ‘हे गाण्यात यायला पाहिजे होतं का?’

बघा, सॉक्रेटिसची एक तक्रार आहे. तो कवींकडे गेला, तुमच्या कवितेचा अर्थ सांगा म्हणाला, आणि त्याला आढळलं की कवींना तो सांगता येत नाही. खरं आहे. पण आजींनी अर्थ विचारलाच नव्हता. त्यांनी पुढे काय झालं ते विचारलं. आणि हा प्रश्न फक्त रचणाऱ्यालाच विचारता येतो. गायक फार तर म्हणेल, मला दिलं ते मी गायलो. रचणाऱ्याच्या तोंडी गाणं अजून ओलं असतं, त्यावर बोट उमटू शकतं. आपल्या शब्दांसाठी तो तिथल्या तिथे उत्तर द्यायला बांधलेला असतो. हे मोठ्या स्टेजवर होत नाही, डीजेच्या भिंतीसमोर तर नाहीच नाही. त्याला आजींचा आवाज पोचेल एवढीच जागा लागते.

आपल्या भागातलं सगळ्यात मोठं उदाहरण मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. आसोद्याची लेक, जळगावची सून, बहिणाबाई चौधरी. जन्म १८८०. अक्षरओळख नाही. घरात, शेतात, जात्यावर काम करता करता रचायचं आणि म्हणायचं. यापेक्षा छोटी बैठक कुठली? ऐकणारे म्हणजे घरातली माणसं. सोपानदेवांनी आणि नात्यातल्या एकाने ती गाणी उतरवून घेतली. १९५१ च्या डिसेंबरात ती गेली, आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. आज आपलं विद्यापीठ तिच्या नावाने आहे. तिचा आवाज मात्र आपल्यापर्यंत पोचला नाही. तरी गाणी उभी आहेत, म्हणजे अभिनवगुप्ताची कसोटी ती पूर्ण उतरली. तरुणपणी वैधव्य आलेली बाई, पण तिचं गाणं वाचताना आपण तिची कीव करत नाही, उलट तीच आपल्याला चार गोष्टी सांगते. दुसरं नाव वामनदादा कर्डक. १९२२ मध्ये सिन्नरजवळच्या देशवंडीचा जन्म, वाचायला शिकले ते मोठेपणी, आणि २००४ मध्ये जाईपर्यंत वस्त्यावस्त्यांत स्वतःची गाणी स्वतः गात राहिले. पुढे ती इतरांनी गायली, आणि त्यांच्या माघारीही ती टिकून आहेत.

आता माझं राहिलेलं सांगतो. चाळीस वर्षांपूर्वी वर्गात एका मुलाने कविता आणली. खेड्यातला मुलगा. तो ती गाऊ लागला. मी म्हटलं, ‘गाऊ नकोस, नुसती वाचून दाखव. कविता कागदावर उभी राहिली पाहिजे.’ माझं म्हणणं चूक नव्हतं, कसोटी म्हणून ते मी आजही तुम्हाला सांगितलं. चूक ही, की कसोटी मी पहिल्या मिनिटाला लावली. त्याने वाचली. सपाट वाचली, खाली बघून. पुन्हा त्याने मला कविता दाखवली नाही. आजींनी जे केलं ते मला करता आलं असतं. पूर्ण ऐकायचं, आणि मग विचारायचं, पुढे काय झालं?

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी गच्ची आहे, त्यांनी पुढच्या कोजागरीला एवढं करावं. माइक लावू नये. खोटी वाहवा करू नये. आणि गाणं संपल्यावर एक तरी प्रश्न विचारावा.

थांबतो.