तडे आणि मोजपट्टी

बोगद्यातील सुरुंगांमुळे जवळच्या घरांना धोका आहे का, हे ठरवताना खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या कोष्टकाचा आधार घेतला जातो. ते मुळात खाणींसाठी आहे. साध्या घरांसाठी जमिनीच्या कणांच्या वेगाची मर्यादा ८ हर्ट्झखाली सेकंदाला ५ मि.मी., तर २५ हर्ट्झवर १५ मि.मी. हा भेद योग्यच. कारण बैठ्या घरांची नैसर्गिक वारंवारता कमी असते व संथ कंपनांनी ती अधिक हलतात. परंतु कच्चे घर आणि सिमेंट-विटांचे घर इथे एकाच गटात आहे. सुरुंग किती वेळा उडणार, याचा विचारच नाही. तेव्हा मर्यादा पाळली एवढ्यावरून रहिवाशांची तक्रार खोटी ठरत नाही. कामापूर्वी घरातील तड्यांची नोंद केली होती का, हे आधी विचारावे.