अंबादास : आडनावाशिवायचा रंग

अमूर्त चित्र म्हणजे भरल्या पोटाची करमणूक, असे आपल्याकडे अजूनही सर्रास म्हटले जाते. दलित साहित्याने लेखकाला ‘कोण बोलतो आहे आणि कोणाविरुद्ध?’ असा रोकडा सवाल केला. तो करायलाच हवा होता. पण ज्या चित्रात माणूस नाही, झोपडी नाही, त्याला हा सवाल कसा करायचा?

अंबादास यांच्या चित्रांपाशी मी नेमका इथेच अडलो. १९२२ साली अकोल्यात जन्म, १९५२ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका, विणकर सेवा केंद्रातली नोकरी, १९६३ साली दिल्लीत स्वामिनाथन, जेराम पटेल यांच्याबरोबर ‘ग्रुप १८९०’चे प्रदर्शन. त्याचे उद्घाटन नेहरूंनी केले, प्रस्तावना ऑक्ताव्हिओ पाझ या मेक्सिकन कवीची. १९७२पासून नॉर्वे, २०१२ साली ऑस्लोत मृत्यू. आडनाव खोब्रागडे, पण चित्रकलेच्या जगात ते नुसते अंबादास. आडनावावरून माणूस ताडणाऱ्या समाजात ते आडनाव मागे पडले, याचा अर्थ काय लावायचा? नकार म्हणावा तर पुरावा नाही. पळ काढला म्हणावे तर तो अधिकार आपल्याला कोणी दिला?

म्हणून चित्राकडेच वळू. रुंद फटकारे वळणे घेत, एकमेकांना रेटत वाहतात. इथला तांबूस रंग मातीचा नाही, निळा आकाशाचा नाही. तो फक्त आपल्या ओढीचा आहे. अमेरिकन चित्रकार जॅस्पर जॉन्स याने १९५४-५५मध्ये वितळलेल्या मेणात रंग कालवून ध्वज रंगवला. मेण झटकन थिजते आणि कुंचल्याची प्रत्येक खूण तशीच धरून ठेवते. पण तिथे ध्वज आधीच ओळखीचा होता, त्याच्या आधाराने डोळा पृष्ठभागावर उतरतो. अंबादास तैलरंगात हालचालीची खूण राखतात आणि ओळखीचा आधार काढून घेतात. हे अधिक अवघड आहे.

औंढ्यात बसून ही चित्रे छापील प्रतीतच पाहायची. छपाईत रंगाचा थर मरतो. इथल्या नागनाथाच्या दगडी भिंतीवरची शिल्पे भर दुपारी अशीच सपाट दिसतात. उन्हे तिरपी झाली की अंगे उठून येतात. नामदेवांना देवळामागे जायला लावले तेव्हा देऊळच फिरले, अशी इथली आख्यायिका. भाविकाला तो चमत्कार वाटतो. मला मात्र, कोणी कुठून पाहायचे हे कोण ठरवतो, याची ती गोष्ट वाटते. दलित चित्रकाराने दुःखच रंगवावे ही अपेक्षासुद्धा जागा नेमून देण्याचाच प्रकार नव्हे काय?

तक्रार एवढीच, की बरीच चित्रे एकापुढे एक पाहिली म्हणजे फटकाऱ्यांची लय सवयीची होते. मग हात चालत राहतो आणि डोळा थांबतो.